हिवाळ्यात नदी उतरते तेव्हा काठावर काय वाचायचं

प्रश्न असा आहे: आमच्या गावाजवळून वाहणारी नदी पुढे भीमेला मिळते. थंडीत आम्ही काही जण सकाळी काठाने फिरतो. बगळे, टिटव्या आणि खंड्या सोडले तर फारसं काही दिसत नाही. मात्र गेल्या आठवड्यात पाणी ओसरलेल्या गाळात ताटाएवढे गोल खड्डे एकमेकांना लागून दिसले, आणि थोडं पुढे एका खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा होती. हे कशाचं असावं? आणि हिवाळ्यात नदीकाठी नेमकं काय पाहावं, कसं पाहावं?

आधी तुम्हाला सापडलेल्या दोन गोष्टींविषयी, कारण त्यांचा एकमेकींशी संबंध असू शकतो. गाळातले गोल खड्डे चिलाप्यांनी केलेले असावेत, आणि खडकावरची विष्ठा बहुतेक पाणमांजराची आहे.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता दख्खनच्या बहुतेक धरणांत आणि नद्यांत मुरला आहे. नर उथळ पाण्यात तोंडाने गाळ उचलून बाजूला टाकत गोल, खोलगट जागा तयार करतो. असे अनेक नर शेजारी शेजारी खणतात, म्हणून खड्डे एकमेकांना लागून दिसतात. मादी येऊन तिथे अंडी घालते, आणि लगेच ती तोंडात घेऊन निघून जाते. पुढची वाढ तिच्या तोंडातच होते. त्यामुळे उघड्या पडलेल्या खड्ड्यांत अंडी वाळून गेली असतील, ही काळजी करू नका. खात्री करायची असेल तर खड्ड्याची कड पाहा. ती सगळीकडून सारखी, किंचित उचललेली असते आणि तळ स्वच्छ असतो. रानडुकरांनी उकरलेली जागा वेडीवाकडी असते, माती एका बाजूला फेकलेली असते आणि खुरांचे ठसे हमखास असतात. या खड्ड्यांचा आणखी एक उपयोग आहे. ते खणले तेव्हा तिथे गुडघाभर तरी पाणी असणार. वेगवेगळ्या उंचीवर खड्ड्यांच्या दोन रांगा दिसल्या, तर पाणी आधी वरच्या आणि मग खालच्या पातळीवर काही दिवस स्थिर राहिलं होतं, असं समजायचं.

आता खडकावरची विष्ठा. पाणमांजर उघड्यावरची, नजरेत भरणारी जागा निवडतं: पाण्यात घुसलेला खडक, वाळूच्या बेटाचं टोक, दोन प्रवाह मिळतात तिथला उंचवटा. दख्खनच्या मोठ्या नद्यांवरची गुळगुळीत अंगाची पाणमांजरं कुटुंबाने राहतात, आणि पूर्ण कुटुंब एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतं. ताजी विष्ठा काळपट, बुळबुळीत आणि उग्र मासळी वासाची असते. वाळली की राखाडी होते आणि काडीने हलवली तर तिचा भुगा होऊन नुसते खवले आणि बारीक काटे उरतात. हे खवले भिंगाखाली धरून पाहा. त्यांवर एकात एक बारीक वर्तुळं दिसतील. खवले मोठे असतील तर चिलापी किंवा कार्प जातीचा मासा खाल्ला गेला असावा. खवले अजिबात नसून जाड काटे असतील तर शिंगाळ्यासारखा बिनखवल्यांचा मासा. खेकड्याच्या कवचाचे तुकडेच जास्त असतील तर मुंगसाचाही विचार करा. घाटातल्या ओढ्यांवर असाल तर लहान नख्यांच्या पाणमांजराचा, कारण त्याचं खाणं खेकड्यांवर जास्त असतं.

खडकाच्या आसपास ओला गाळ असेल तर ठसे शोधा. पाणमांजराच्या पायाला पाच बोटं असतात आणि मऊ गाळात बोटांमधलं कातडं पुसट उमटतं. कुत्र्याच्या ठशात चारच बोटं दिसतात. जवळच वाळूत लोळल्याची सपाट जागा सापडली तर शंका उरत नाही. अशी जागा मिळाली की दोन गोष्टी पाळा. तिथे रेंगाळू नका, कारण हिवाळ्याच्या सुमारास कुटुंबात लहान पिल्लं असू शकतात. आणि नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. जाळी फाडतं म्हणून पाणमांजरावर राग असलेली माणसं प्रत्येक नदीवर असतात, आणि कातडीसाठी त्याची शिकार झालेली आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न. काही दिसत नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला वाटतं तुमची नजर पाण्यावर आणि झाडांवर असते. हिवाळ्यात नदीवरची सगळ्यात बोलकी जागा म्हणजे पाण्याची आजची कड आणि पावसाळ्यातली पूररेषा यांच्यामधला पट्टा. पावसाळ्यात हा भाग गढूळ पाण्याखाली असतो. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं, उतरू लागतं आणि दर आठवड्याला वीतभर नवा ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शिंपले अडकलेले असतात, आणि त्यांच्यासाठी सगळे तिथे उतरतात. पक्षी काय आणि जनावरं काय, हिवाळ्यात याच पट्ट्यावर जगतात. म्हणून आधी पट्टा वाचा, पक्षी त्याच्यामागून दिसतील.

याचा सगळ्यात मोठा पुरावा भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर मिळतो. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात ते थंडी पडली म्हणून नव्हे, पाणी उतरून उथळ दलदल उघडी पडली म्हणून. धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांना ते फारसे भेटत नाहीत, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाणी हटलं की थवे उतरतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचंही तेच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, आणि उथळ पाण्याचा तो पसारा पाणपक्ष्यांनी भरला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हेच. खोल, स्वच्छ, निळ्या पाण्यावर पक्षी फार नसतात. जिथे गाळ आहे तिथे जा.

पट्टा वाचायला वेळ महत्त्वाची. ठसे पाहायचे तर सूर्य उगवल्यावर पहिला दीड-दोन तास, किंवा संध्याकाळी सूर्य कलल्यावर. उन्हाची तिरीप तिरकी असते, ठशाच्या प्रत्येक कडेची सावली पडते आणि रात्री कोण येऊन गेलं ते स्पष्ट कळतं. दुपारी त्याच गाळात काहीही दिसत नाही. सूर्याकडे तोंड करून चाला. सावल्या तुमच्या दिशेने पडतात आणि ठसा उठून दिसतो. पक्षी पाहायचे तर याच्या उलट, सूर्य पाठीशी. मी स्वतः जाताना ठसे पाहतो आणि परतताना पक्षी, म्हणजे दिशाही आपोआप जुळते.

मांजर कुळातल्या प्राण्याच्या ठशात नख्या उमटत नाहीत आणि मागच्या मोठ्या गादीच्या खालच्या कडेला तीन गोलाई असतात. कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या ठशात नख्या दिसतात, आणि बोटांच्या व गादीच्या मधल्या मोकळ्या जागेत फुलीचा आकार तयार होतो. कोल्ह्याचा ठसा निमुळता असतो आणि त्याची चाल एका रेषेत जाते, तर गावातलं कुत्रं इकडेतिकडे हुंगत भरकटतं. रानमांजर पाण्याच्या कडेने सरळ जातं आणि लव्हाळ्याच्या झुडपांपाशी थांबतं, कारण उंदीर तिथे असतात. डिसेंबर-जानेवारीत बोरं पिकली की कोल्ह्याच्या विष्ठेत बोरीच्या बिया खच्चून भरलेल्या दिसतात. उदमांजर हेच खातं, पण त्याची विष्ठा बहुधा उंचावर, खडकावर किंवा बांधाच्या दगडावर मिळते. हाडं खाल्ल्यामुळे पांढरी फटक आणि वाळून कडक झालेली मोठी विष्ठा दिसली तर ती तरसाची.

पक्ष्यांचे ठसे लोक सोडून देतात, ते सोडू नका. बगळ्याच्या ठशात मागचं बोट लांब आणि ठळक असतं. टिटवीच्या ठशात पुढची तीनच बोटं दिसतात. ठशांच्या सोबत गाळात पेन्सिलने टोचल्यासारखी बारीक भोकं पुंजक्यापुंजक्याने असतील तर तिथे पाणलावा बसून गेला आहे. त्याची लांब चोच टोकाशी लवचिक असते. चोच खुपसून आत किडा लागला की फक्त टोक उघडून तो ओढतो. पाणलावा स्वतः दिसणं कठीण, तुमच्या पायाशी येईपर्यंत तो हलत नाही. भोकं मात्र दिसतातच.

या गाळात मला सगळ्यात जास्त आवडणारी खूण शिंपल्याची आहे. पाण्याच्या कडेला, बोटभर पाण्यात किंवा नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूत एक वळणावळणाची सलग चर दिसते, करंगळीएवढी रुंद. तिच्या मागे जा. एका टोकाला चर एकदम संपते आणि तिथे वाळूत किंचित फुगवटा असतो. बोटाने वाळू बाजूला केली की शिंपला मिळतो, उभा रुतलेला, अरुंद फट वर ठेवून. पाणी उतरतंय हे त्याला कळतं आणि तो मांसल पाय पुढे रोवून, मग स्वतःला ओढत खोल पाण्याकडे निघतो. पाणी फार भराभर उतरलं तर तो वाटेतच अडकतो, आणि अशा ठिकाणी चर पाण्यापासून दूर, कोरड्या वाळूत संपलेली दिसते. शिंपल्याच्या कवचावरच्या रेषाही पाहा. वाढ मंदावते तेव्हा गडद कडा उमटतात, त्यामुळे वाढीचे आणि थांबण्याचे काळ कवचावरच राहतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात आणि मग सुटून तळाशी बसतात. नदीत जिवंत शिंपले आहेत म्हणजे तिथे मासे आहेत, आणि पाणी गाळून घेणारं मोठं काम चालू आहे. तुमच्या नदीवर नुसती रिकामी कवचं मिळतात की जिवंत शिंपलेही, हे जरूर पाहा. नदीच्या तब्येतीचा इतका सरळ निर्देशक दुसरा मला माहीत नाही. पाहून झालं की शिंपला पाण्यात ठेवा, वाळूत नाही.

मोठ्या गोगलगायींच्या रिकाम्या कवचांचा ढीग एका जागी दिसला तर वर पाहा, झाड असेल. उघड्या चोचीचा करकोचा, म्हणजे मुग्धबलाक, गोगलगायी पकडून एका ठिकाणी खातो. त्याच्या चोचीतून आलेलं कवच बरेचदा अखंड असतं, फक्त झाकण आणि आतला जीव गेलेला. कडा कुरतडलेल्या असतील तर ते काम घुशीचं किंवा उंदराचं.

आता पाहुण्यांकडे, म्हणजे थंडीत बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांकडे येऊ. पट्ट्यावर कोण कुठे उभं आहे ते पाहिलं की ओळख सोपी होते, कारण पायांची आणि चोचीची लांबी जागा ठरवते. शेकाट्या पोटापर्यंतच्या पाण्यात जातो. टिलवे घोटाभर पाण्यात असतात. छोटा टिलवा, जेमतेम चिमणीएवढा आणि सैबेरियाच्या टुंड्रात वीण करणारा, अगदी ओल्या कडेवर धावतो. चिखल्या त्याच्याही वर, थोड्या सुकलेल्या गाळावर: दोन पावलं धावतो, थांबतो, टिपतो. सामान्य तुतारी दगडांच्या कडेला एकटी, सतत शेपटी खालीवर करत असते आणि उडते तेव्हा पंख ताठ ठेवून पाण्याला लागून जाते. हिरवी तुतारी ओढ्याच्या तोंडाशी असते. ती तुम्हाला पाहून ओरडत उठेल आणि कमरेवरचा पांढरा डाग चमकेल. तेवढ्यावरच ती ओळखायची.

धोबी पक्ष्यांत एक गोंधळ नेहमी होतो. डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला, पाठ काळी कुळकुळीत असलेला थोरला धोबी बारा महिने आपलाच आहे. पाठ राखाडी आणि चेहरा पांढरा असलेला धोबी पाहुणा. पोट पिवळं, पाठ करडी आणि शेपूट फारच लांब असलेला करडा धोबी तर सप्टेंबरातच हजर होतो आणि वाहत्या, खडकाळ पाण्याजवळ राहतो. पाणकणसाच्या बुंध्याशी, अगदी जमिनीवर, गळ्यावर निळा-तांबूस पट्टा असलेला छोटा पक्षी चटकन आत शिरताना दिसला तर तो ब्लूथ्रोट. पाच मिनिटं न हलता थांबलात तर तो पुन्हा बाहेर येतो.

बदकं आणि हंस यांच्यावर भरपूर लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. चक्रवाक जोडीने वाळूच्या बेटांवर बसतात. लडाख-तिबेटकडून आलेले असतात आणि त्यांचा आवाज दोन वळणं पलीकडून ऐकू येतो. थापट्या आणि तलवार बदक संथ फुगवट्यावर. पट्टकादंब दिवसा बेटावर आणि रात्री शेतात. त्यांच्याकडे दुर्बिणीने पाहाल तेव्हा गळ्यात रंगीत पट्टी किंवा पायात कडं आहे का ते आवर्जून बघा. मंगोलियात पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात आढळले आहेत. रंग, अक्षरं आणि आकडा टिपून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवला तर त्या एका पक्ष्याचा प्रवास जुळवता येतो. संध्याकाळी ऊसावरून किंवा पाणकणसावरून हजारो भोरड्या (गुलाबी मैना) एकत्र वळणं घेत उतरतात, तेव्हा थव्याच्या कडेला नजर ठेवा. ससाणे तिथेच असतात.

सकाळी नऊ ते अकरा ही वेळ ऊन खाणाऱ्यांची. थंडीत रात्री पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून मगर पाण्यात राहते आणि ऊन तापलं की काठावर येते. सांगलीकडची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री या नद्यांवर हिवाळा हाच मगरी दिसण्याचा काळ. तिथे त्यांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात: पोट घासून गुळगुळीत झालेली चिखलाची उतरंड, दोन्ही बाजूंना पायांचे ठसे, पुढच्या पायाची पाच आणि मागच्याची चार बोटं, आणि मध्ये शेपटीची वळणदार रेघ. ही रेघ ओली आणि चकचकीत असेल तर मगर काही मिनिटांपूर्वीच पाण्यात गेली आहे, आणि तुम्ही लगेच मागे व्हायचं. मगरी असलेल्या नदीवर पाण्याच्या कडेला बसायचं नाही, वाकून हात धुवायचे नाहीत, फोटोसाठी दगडावर उतरायचं नाही. हिवाळा हा त्यांच्या मीलनाचाही काळ आहे आणि मोठे नर या दिवसांत जागेवरून भांडतात.

याच उन्हात कासवं वर येतात. लीथचं मऊ पाठीचं कासव हे दख्खनच्या नद्यांचं खास कासव, आणि आज ते अतिसंकटग्रस्त मानलं जातं. लहान वयात त्याच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं, किंवा जखमी पक्षी, प्राणी सापडला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

साप दोन. दगडावर ऊन खात पडलेली दिवड बिनविषारी असते, अंगावर चौकटी असतात, आणि तिला तुमच्यात रस नसतो. घोणस मात्र वेगळी. थंडीत तिचा मीलनाचा काळ असतो, म्हणून ती जास्त फिरते आणि दिवसाही उन्हाला येते. वाळलेलं गवत, ऊसाच्या पाचटाचे ढीग, काठावर पुराने अडकवलेला कचरा, या तिच्या जागा. चपला घालून अशा ठिकाणी शिरू नका. बूट घाला आणि हात कुठे ठेवतोय ते पाहून ठेवा. कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकू आला तर जागच्या जागी थांबा, आवाज कुठून येतो ते पाहा आणि मग मागे सरका.

नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला मातीचा उभा कडा असतो. त्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवा. वरच्या भागात ओळीने बारीक भोकं आणि त्यांच्यासमोर मातकट पाकोळ्यांची ये-जा दिसली तर ती चालू वसाहत आहे. बरेच पक्षी उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात वीण करतात, पण या पाकोळ्या थंडीतच करतात, कारण तेव्हा कडा कोरडा असतो आणि पाणी खाली. एकटंच, थोडं मोठं भोक, तोंडाशी पायांनी घासून झालेल्या दोन समांतर खाचा आणि खाली पांढरे ओघळ असतील तर ते खंड्याचं. खाचा ताज्या असतील तर बीळ वापरात आहे.

कड्याच्या पायथ्याशी करड्या रंगाचे, अंगठ्याहून जाड, केसाळ गोळे सापडले तर ते शृंगी घुबडाचे. घुबड भक्ष्य बरंचसं अखंड गिळतं आणि न पचलेले केस व हाडं तोंडावाटे गोळ्याच्या रूपात टाकतं. कोल्ह्याच्या विष्ठेतली हाडं चावून तुकडे झालेली असतात, तर या गोळ्यात ती साबूत मिळतात. हातमोजे घाला, नाका-तोंडावर रुमाल बांधा, गोळा कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवा. आधी केसांचा लगदा सुटतो, मग पाठीचे मणके, बरगड्या, आणि शेवटी कवटी, पुढे वाकलेल्या नारिंगी दातांची. कवटीच्या आकारावरून घूस की शेतातला उंदीर ते कळतं. काही गोळे असे सोडवले की हे घुबड शेतकऱ्याचं किती काम करतं ते वेगळं सांगावं लागत नाही. पण गोळे ताजे असतील तर कड्यावर चढू नका आणि समोर ठाण मांडून बसू नका. शृंगी घुबडाची वीणही हिवाळ्यातच सुरू होते, अंडी उघड्या मातीच्या कपारीत असतात, आणि ते उठलं की कावळे त्याच्यावर तुटून पडतात.

त्याच कड्यात कधी शिंपल्यांचा पांढरा थर दिसतो, पाण्यापासून दोन-तीन पुरुष उंच. ती नदीची जुनी पातळी. अशाच जुन्या गाळात आणि खड्यांच्या थरांत दख्खनच्या नद्यांनी माणसाच्या खुणा जपून ठेवल्या आहेत. कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत अश्मयुगीन हत्यारं मिळाली. प्रवरेकाठच्या नेवाशाला पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने १९५० च्या दशकात उत्खनन केलं. वळणावरच्या गोट्यांत गारगोटी, अकीक, जास्पर भरपूर मिळतात. त्यांत एखादा दगड दोन्ही बाजूंनी छिलका काढून धारदार केलेला वाटला, कडेवर टवके उडाल्याच्या सलग खाचा दिसल्या, तर तो जागीच ठेवा, शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, ठिकाण लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड उचलला की तो कोणत्या थरातला होता हे कायमचं हरवतं.

चतुर हे हिवाळ्याच्या सुरुवातीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदीवर पिवळसर चतुरांचे मोठे थवे घिरट्या घालतात. त्यांतले बरेच भटके चतुर पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. लव्हाळ्याच्या पात्यावर पाठीवर फाटलेली, पोकळ, सहा पायांची कात चिकटलेली दिसली तर ती चतुराच्या अळीची. कात किती उंचीवर आहे ते मोजा. त्या दिवशी पाणी त्याच्या खाली होतं.

नोंदी कशा ठेवायच्या हे शेवटी सांगतो, पण खरं तर सुरुवात इथून करायला हवी. पूर्ण नदी धरू नका. एक किलोमीटर ठरवा आणि तोच पुन्हा पुन्हा चाला. पुलाच्या एका खांबावर किंवा मोठ्या खडकावर खूण धरून दर वेळी पाण्याची पातळी लिहा. वर धरण असेल तर आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडलेलं पाणी, कधी सुटलं तेही लिहा, कारण आवर्तनाने एका रात्रीत हातभर पाणी चढतं, गाळ बुडतो आणि कालपर्यंत भरलेला पट्टा रिकामा होतो. पक्षी नाहीसे झाले म्हणून हळहळणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो. ठशाचा फोटो सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या, आणि दुसरा थोडा तिरका. पिसं, काटे, कासवाची पाठ, शिंगं घरी नेऊ नका. संरक्षित प्राण्यांचे अवशेष बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि नोंदीसाठी फोटो पुरतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. तुमचा फुगवटा त्यात नसेल तर सामील करून घ्या.

फेब्रुवारीच्या मध्यापासून चालण्याची वाट बदला. वाळूची बेटं आणि उघडे खडे या वेळी नदी सुरय, छोटा कंठेरी चिखल्या, पाणभिंगरी आणि मोठा करवानक यांच्या विणीसाठी लागतात. त्यांची अंडी उघड्या वाळूवर, खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पंख मोडल्याचं सोंग करत एखादा पक्षी तुमच्यासमोर लंगडू लागला तर घरटं जवळ आहे, आल्या पावली परत फिरा. याच दिवसांत टिलवे आणि तुताऱ्या परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात, म्हणून थव्यांना पुन्हा पुन्हा उठवू नका. उंच काठावरून, दुर्बिणीने पाहा. तुताऱ्या एप्रिलपर्यंत रेंगाळतात. शेवटची कोणत्या तारखेला दिसली ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस पहिली परत आली की किती दिवस नदी तिच्याविना होती ते ताडून पाहता येईल.